‘निवडलेला’ की ‘निवडून दिलेला’? (पॅरा बॅडमिंटनचा खेळाडू प्रतिनिधी)

मजकूरनवीस
कोल्हापुरातल्या एका बॅडमिंटन संघटनेची घटना इंग्रजीतून मराठीत आणायचं काम चालू आहे. एका कलमाचा आशय असा : कार्यकारिणीत पॅरा बॅडमिंटनचा (म्हणजे शारीरिक व्यंग असलेल्यांच्या बॅडमिंटनचा) एक खेळाडू प्रतिनिधी असेल, पॅरा खेळाडू त्याला आपल्यामधून मतदानानं पाठवतील आणि त्याला बाकीच्या सदस्यांइतकाच मताचा अधिकार राहील. मसुद्यात याचं मराठी झालंय ‘पॅरा खेळाडूंमधून निवडलेला एक प्रतिनिधी’. माझा आक्षेप ‘निवडलेला’ला आहे. कोणी निवडला? मसुदा करणारे म्हणतात, ‘अध्यक्षपदी अमुक यांची निवड’ असं पेपरात रोज छापून येतं आणि सगळ्यांना कळतं. ‘निवडलेला’, ‘निवडून आलेला’, ‘निवडून दिलेला’, ‘निर्वाचित’ यातलं काय ठेवावं?

कलम२२
पेपरातली ‘निवड’ बिनविरोध असते, मतदानानं असते, नाहीतर बंद लिफाफ्यातून आलेल्या नावावर सभेनं हात वर केलेले असतात. बातमीला ते चालतं, घटनेला नाही. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (झालेल्या बदलाची माहिती) द्यावा लागतो. सोबत सभेची नोटीस, हजेरी आणि ठराव जोडायचे असतात. घटनेत ‘निवड’ आणि इतिवृत्तात ‘नेमणूक’ असेल, तर हरकत घेणाऱ्याला आयतं कारण मिळतं.

पाच शब्द वेगळे ठेवा. मतदारांनी मत देऊन पाठवलेला तो निवडून दिलेला. अध्यक्षानं किंवा कार्यकारिणीनं बसवलेला तो नियुक्त. बाहेरच्या संस्थेनं नाव कळवलेला तो नामनिर्देशित. आधीच बसलेल्या सदस्यांनी आपल्यात घेतलेला तो स्वीकृत. आणि दुसऱ्या एखाद्या पदामुळं आपोआप आलेला तो पदसिद्ध. ‘निवडलेला’ पदसिद्ध सोडून बाकी चारांपैकी कुठंही बसतो, म्हणून घटनेत तो नको.

गंगावेस
‘नामनिर्देशित’मध्येही गोची आहे. निवडणुकीचा उमेदवारी अर्ज म्हणजेच नामनिर्देशनपत्र. म्हणजे निवडणूक लढवणाराही नामनिर्देशित आणि निवडणुकीशिवाय आलेलाही नामनिर्देशित. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच्या खेळाडू परिषदेत दोन्ही पायऱ्या आहेत. उमेदवाराचं नाव त्याच्या देशाची पॅरालिम्पिक समिती पाठवते, मग स्पर्धेच्या काळात खेळाडू मत देतात. मराठी बातमीत ‘परिषदेवर नामनिर्देशन’ असं आलं, तर वाचणाऱ्याला वाटतं काम झालं. खरं तर मतदान अजून व्हायचं असतं.

शाहूपुरी
कोल्हापुरात तरी ‘स्वीकृत’चा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. महापालिकेत स्वीकृत नगरसेवक सभेत बसतो, बोलतो, पण त्याला मत नाही. साखर कारखाना किंवा दूध संघात तज्ज्ञ संचालक स्वीकृत असतात.  संस्थेच्या निवडणुकीत त्यांना त्या नात्यानं मत देता येत नाही आणि अध्यक्ष-उपाध्यक्षही होता येत नाही. त्यामुळं ‘एक जागा खेळाडूंना देऊ’ असं ऐकलं की इथला माणूस आधी विचारतो, मत आहे का? कलमात मताचं वाक्य वेगळं लिहा. शब्द कितीही चांगला निवडला तरी तो अधिकार त्या शब्दात येत नाही.

फुलकरी
खेळाच्या बाजूनं लिहिते, कारण हे नुसतं व्याकरण नाही.

पॅरा बॅडमिंटनचा कारभार २०११ पासून जागतिक बॅडमिंटन महासंघाकडं आहे. त्याआधी पॅराची जागतिक संघटना वेगळी होती. वेगळी संघटना मोठ्या संघटनेत विलीन झाली की खेळाला पैसा, पंच आणि स्पर्धांचं कॅलेंडर मिळतं. पण टेबलावर आपले लोक थोडे होतात. म्हणून पॅरा खेळाडूंची स्वतंत्र समिती आणि तिचा आवाज वर पोचण्याची वाट, या दोन्ही गोष्टी लेखी लागतात.

आवाज कुठं लागतो त्याचं उदाहरण देते. टोकियोत पॅरा बॅडमिंटन पहिल्यांदा पॅरालिम्पिकला आलं तेव्हा १४ प्रकार होते. खेळाडूंचे व्यंगाच्या प्रकारानुसार वर्ग पाडलेले असतात, त्यातल्या फक्त चार वर्गांत महिला एकेरी होती : डब्ल्यूएच१, डब्ल्यूएच२, एसएल४, एसयू५. मानसी जोशी २०१९ ची एसएल३ ची जगज्जेती, पण तिच्या वर्गाची महिला एकेरी टोकियोत नव्हतीच. पॅरिसला १६ प्रकार झाले. एसएल३ आणि एसएच६ ची महिला एकेरी आली, एसएच६ ची मिश्र दुहेरी आली आणि एसएल३-एसयू५ ची महिला दुहेरी गेली. कोणता प्रकार ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे ठरवणाऱ्या खोलीत त्या वर्गाची खेळाडू मत घेऊन बसलेली असणं आणि बाहेरून निवेदन देणं, यात फरक आहे. ‘निवडलेला’ लिहून तो फरक पुसू नका.

टेंबलाई
सगळं पटलं, पण मुळात ‘पॅरा’ कशाला? ‘दिव्यांग बॅडमिंटन’ म्हणा की. केंद्राच्या २०१६ च्या कायद्याच्या हिंदी नावात दिव्यांगजन आहे, आपल्या राज्याच्या विभागाच्या नावातही दिव्यांग आहे. मराठी घटनेत अर्धा इंग्रजी शब्द का घालायचा?

गंगावेस
‘पॅरा’ इंग्रजी नाही, मूळ ग्रीक : सोबत, शेजारी. पॅरालिम्पिक म्हणजे ऑलिम्पिकला समांतर, असं आज सांगतात. सुरुवातीला मात्र हा शब्द पॅराप्लेजियाशी (कमरेखालच्या लुळेपणाशी) जोडलेला होता, कारण १९४८ ला इंग्लंडातल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्यांपासूनच हे सुरू झालं. आणि ‘दिव्यांग’ अनेक खेळाडूंना स्वतःला नको असतो. अंगात दिव्य काही नाही, सराव आहे, असं त्यांचं म्हणणं.

टेंबलाई
मग ‘अपंग’ तरी ठेवा. अप + अंग, सरळ मराठी शब्द. तुकडा तोडून ‘अ-पंगू’ अशी व्युत्पत्ती लावून त्याला उलटा ठरवणारे खूप झाले.

शाहूपुरी
आपल्या कोल्हापुरातच ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ इतकी वर्षं काम करते आहे. नावातला शब्द जुना पडला म्हणून कामाची किंमत कमी झाली नाही. संस्थेच्या नावाचा नियम वेगळा आणि कलमातल्या शब्दाचा वेगळा.

फुलकरी
टेंबलाईताई, इथं शब्द बदलला की मतदारयादी बदलते. कायद्यानं दिव्यांग म्हणजे बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेली व्यक्ती. त्यात अंध, कर्णबधिर, बौद्धिक दिव्यांग सगळे येतात. पॅरा बॅडमिंटनचे सहाच वर्ग आहेत आणि सगळे शारीरिक आहेत : व्हीलचेअरचे डब्ल्यूएच१ आणि डब्ल्यूएच२, पायाच्या दोषाचे एसएल३ आणि एसएल४, हाताचा एसयू५ आणि कमी उंचीचा एसएच६. कर्णबधिर बॅडमिंटनपटूंचा मार्ग डेफलिंपिक्सचा, त्यांची संघटनाही वेगळी. ‘दिव्यांग खेळाडूंनी निवडून दिलेला’ असं लिहिलंत, तर जो पॅरा बॅडमिंटन खेळूच शकत नाही तोही मतदार होईल. उलट ज्याच्याकडं ४० टक्क्यांचा दाखला आहे, त्याला वर्गीकरणात वर्ग मिळेलच असंही नाही. दोन्हींचे निकष वेगळे आहेत.

कलम२२
हे महत्त्वाचं. मग कलमाच्या आधी व्याख्या हवी : ‘पॅरा खेळाडू म्हणजे...’

गंगावेस
आणि ‘वर्ग’च लिहा, ‘गट’ नको. वयोगट, वजनगट ठीक. पण कोल्हापुरात ‘एसएल३ गटाचा प्रतिनिधी’ म्हटलं की लोक नेत्याचं नाव विचारतात.

टेंबलाई
‘पॅरा’वर माझं मत बदललेलं नाही. व्याख्या देऊन कोणताही शब्द बांधता येतो, ‘दिव्यांग’सुद्धा. व्याख्येत सहा वर्ग लिहिले की कर्णबधिर आपोआप बाहेर राहतात. मराठी शब्द वापरायचा नाही हे आधी ठरवून मग कारणं शोधू नका. पण मूळ प्रश्नावर सांगते. तांदूळ निवडतो तेव्हा कोणता दाणा राहील हे निवडणारा ठरवतो, दाण्याला कुणी विचारत नाही. ‘निवडणे’चा घरातला अर्थ हाच आहे. ‘निवडून देणे’मध्ये देणारा दिसतो : खेळाडूंनी निवडून दिलेला. ‘निवडून आलेला’मध्ये फक्त जिंकणारा दिसतो. म्हणून ‘निवडून दिलेला’ला माझं मत.

शाहूपुरी
‘निर्वाचित’ का नको? आखीव शब्द आहे.

टेंबलाई
हिंदी वास येतो.

कलम२२
वास येतो एवढ्यावर बाद करू नका. पंचायत समितीचा ‘निर्वाचक गण’ आपल्याच कायद्यात आहे. तरी खेळाडूला वाचून लगेच कळावा असा शब्द ‘निवडून दिलेला’ हाच.

फुलकरी
‘खेळाडू प्रतिनिधी’वरही एक शब्द. ‘खेळाडूंचा प्रतिनिधी’ प्रशिक्षक किंवा पालकही होऊ शकतो. ‘खेळाडू प्रतिनिधी’ स्वतः खेळाडू असलाच पाहिजे, असा अर्थ मी लावते. पण माजी खेळाडू पदाधिकारी असणं ही तिसरी गोष्ट. देवेंद्र झाझरिया भालाफेकीत अथेन्स आणि रिओचं सुवर्ण घेतलेले, २०२४ पासून भारतीय पॅरालिम्पिक समितीचे अध्यक्ष. खेळाला याचा फायदाच आहे. पण ते समितीच्या सभासदांनी दिलेले अध्यक्ष आहेत, खेळाडूंनी मतदान करून पाठवलेले प्रतिनिधी नव्हेत. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यातही हा भेद दिसतो. जास्तीत जास्त १५ जणांच्या कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू हवेत, किमान चार महिला हव्यात, आणि खेळाडू समिती शिवाय वेगळी. नामवंताला त्याच्या पदकांनी जागा मिळते, प्रतिनिधीला मतांनी.

गंगावेस
त्या कायद्याचं मराठी ‘क्रीडा प्रशासन’ करतात, ते मला पटत नाही. प्रशासन म्हणजे कचेरी चालवणं. इथं विषय कोण ठरवतो, कोण जाब देतो हा आहे. ‘कारभार’ हा शब्द त्याला पुरतो आणि कोल्हापूरच्या पेपरांत नगरसेवकांना कारभारी म्हणतातच.

शाहूपुरी
कायद्याच्या नावात ‘कारभार’? शासन छापणार नाही.

गंगावेस
का नाही? मोडीतल्या कागदांत कारभारच आहे.

मजकूरनवीस
इथवरचं धरून मसुदा टाकतो :

‘कार्यकारिणीत एक पॅरा खेळाडू प्रतिनिधी असेल. संघटनेकडे नोंद असलेले आणि सहापैकी एखाद्या वर्गात वर्गीकरण झालेले पॅरा खेळाडू आपल्यामधून गुप्त मतदानाने त्यास निवडून देतील. त्यास कार्यकारिणीच्या प्रत्येक ठरावावर मत देण्याचा अधिकार राहील. मतदारयादी मतदानापूर्वी ३० दिवस फलकावर लावली जाईल.’

कलम२२
यादीवर हरकतीला सात दिवस द्या. एसयू५ मधल्या काहींना मतपत्रिकेवर शिक्का मारताना मदत लागेल, तर सोबत्याची तरतूद लिहा. जागा मुदतीच्या आत रिकामी झाली तर ‘कार्यकारिणी भरेल’ असं सर्वसाधारण कलम असतंच. त्यात ‘ही जागा वगळून’ असे तीन शब्द घाला. ते राहिले, तर निवडून दिलेल्याच्या जागी पहिल्याच राजीनाम्यानंतर स्वीकृत येऊन बसेल.

फुलकरी
‘वर्गीकरण झालेले’ला माझी हरकत. वर्गीकरण जिल्ह्यात होत नाही, ते राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी पॅनेल करतं. गडहिंग्लज किंवा चंदगडचा नवा खेळाडू तिथवर जाईपर्यंत यादीबाहेर राहील, आणि जिल्हा संघटनेची गरज सगळ्यात जास्त त्यालाच असते. प्रवासाचा खर्च, व्हीलचेअर न्यायची सोय, हॉलचा उतार हे प्रश्न त्याचेच असतात.

कलम२२
ती अट काढली तर कोणीही येऊन मी पॅरा खेळाडू म्हणेल. निवडणुकीआधी महिनाभर नोंदी फुगतील.

फुलकरी
मग ‘वर्गीकरणास पात्र’ लिहा.

कलम२२
पात्र कोण ठरवणार?

टेंबलाई
दिव्यांगत्वाचा दाखला लावा, जिल्हा रुग्णालयातून मिळतो. फिरून तोच शब्द आला बघा.

फुलकरी
दाखला लावा, पण त्यावर ‘लोकोमोटर’ (हालचालीशी संबंधित) किंवा कमी उंची असं प्रकाराचं नाव हवं, आणि टक्केवारीची अट नको.

मजकूरनवीस
‘लोकोमोटर’ला मराठीत काय लिहू? दाखल्यांवर ‘अस्थिव्यंग’ असतं, पण त्यात कमी उंची धरतात का?