ऑपरेशनआधी रुग्णाच्या भीतीशी बोलायचं कुणी?

रावपुऱ्याची लेक
आईचा गुडघा बदलला, इथेच बडोद्यात. साखर, ईसीजी, रक्त, सगळं तपासून झालं. आदल्या रात्री ती म्हणाली, "कंबरेखालचंच बधिर करणार ना? मग हाड कापताना मला ऐकू येईल का गं?" पंधरा दिवस हा प्रश्न तिने पोटात ठेवला होता. कुणी विचारलंच नाही. आम्ही घरचे नुसतं "काही होत नाही" म्हणत राहिलो. माझं ठाम मत आहे, मोठ्या ऑपरेशनआधी समुपदेशकाची भेट सक्तीची हवी, बिलात धरून. १९६४ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा ९७ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. दुखणं कसं असेल, कुशीवर कसं वळायचं हे ज्यांना नीट समजावलं, त्यांना मॉर्फिनजातीची औषधं सुमारे निम्मीच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले.

भूलवाला
मी भूल देतो. सक्तीला माझा विरोध आहे. त्या अभ्यासात समजावणारे भूलतज्ज्ञच होते, समुपदेशक नव्हते. आईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं: हो, आवाज येऊ शकतो, पण गुंगीचं औषध देता येतं, कानाला हेडफोन लावता येतो. हे थिएटरमधल्या माणसानेच सांगावं. आणि २०१६ साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ऑपरेशनआधीच्या मानसिक तयारीवरचे १०५ अभ्यास तपासले, तेव्हा फायदा दिसला, पण पुरावा कच्चाच निघाला. एवढ्यावर सक्ती केलीत, तर फाइलीत सहीचा आणखी एक कागद वाढेल, बस.

दांडियाबाजार
तुम्ही दोघं ऑपरेशनआधीचंच बोलताय. बाबांची बायपास झाली आणि आयसीयूत दुसऱ्या रात्री त्यांना भ्रम झाला. जन्मभर दुकानात गुजराती बोललेला माणूस, त्या रात्री फक्त मराठी. सिस्टर बिचारी "शुं थयुं, काका?" विचारत होती. चष्मा आणि कानाचं यंत्र माझ्या पिशवीत! सकाळी दोन्ही दिलं, बहीण हात धरून बसली, मग हळूहळू माणसात आले. आयसीयूत घरच्या एकाला बसू द्या, ही माझी पहिली मागणी.

रावपुऱ्याची लेक
भूलवाले, मग तुम्हीच बोला की! आईला भूलतज्ज्ञ भेटले ते पाच मिनिटं. दात हलतात का, ॲलर्जी आहे का, संपलं. डिसेंबरात दुसरा गुडघा आहे. तेव्हा काय करू?

भूलवाला
पाच मिनिटं कमीच, हे कबूल. आईंना आधीच सांगा, "मनात येईल ते डॉक्टरांना विचार." आणि त्या भेटीत तुम्ही खोलीबाहेर थांबा. लेकीला घाबरवायला नको म्हणून पुष्कळ आया गप्प राहतात.