बान्योस (इक्वेडोर): तीन दिवस, हात राखून कसे करावेत?

पायपीट:
नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघं जण क्विटोला उतरणार आहोत. त्यातले तीन दिवस बान्योससाठी ठेवलेत. राहणं सोडून रोजचा खर्च माणशी २५ डॉलरच्या आत बसवायचाय. गरम पाण्याची कुंडं, धबधब्यांची सायकलवाट आणि तो कड्यावरचा झोका एवढंच करायचंय. क्विटोहून बस बरी की टॅक्सी? सायकल झेपेल का? तुंगुरावा ज्वालामुखी सध्या शांत आहे का? आणि दोघांतला एक जण पक्का शाकाहारी आहे.

डोंगरवाट:
टॅक्सीचा विचारच सोडा. क्विटोच्या दक्षिण टोकाला कितुंबे टर्मिनल आहे, तिथून थेट बस मिळते. साडेतीन तास धरा, तिकीट पाच-सहा डॉलरच्या आसपास. थेट बस नसेल तर अंबातोची पकडा, तिथून बान्योस तासाभरावर. विमानतळ मात्र शहराच्या पूर्वेला लांब आहे. उतरल्याच दिवशी कितुंबे गाठायचं असेल तर हाताशी भरपूर वेळ ठेवा.

या मार्गावरची नेहमीची चोरी अशी: बसचा माणूस असल्यासारखा कुणीतरी येतो आणि सॅक वरच्या फळीवर किंवा सीटखाली ठेवायला लावतो. मागे बसलेला साथीदार ती हळूच रिकामी करतो. मोठी बॅग डिकीत टाका आणि तिची पावती घ्या. पासपोर्ट-पैशांची सॅक मांडीवर, कुणी काहीही सांगो.

चलन २००० पासून अमेरिकन डॉलरच आहे. ५० आणि १०० च्या नोटा दुकानदार हातात धरत नाहीत, छोट्या टपरीवर २० ची नोटही अडते. एक-पाचच्या नोटा भरपूर न्या. सुट्टे म्हणून इक्वेडोरची स्वतःची सेंटाव्हो नाणी मिळतील, ती देशाबाहेर चालत नाहीत, तेव्हा तिथेच खपवा.

तारखा मात्र बघा. २ आणि ३ नोव्हेंबरला देशभर सुट्टी असते. तेव्हा बान्योस खचाखच भरतं आणि खोल्यांचे दर चढतात. ४ किंवा ५ तारखेनंतर पोचलात तर तीच खोली स्वस्तात मिळेल.

वाफाळ:
कुंडांबद्दल. धबधब्याच्या पायथ्याशी असलेलं तेर्मास दे ला विर्हेन गावातच आहे, चालत जाता येतं. प्रवेश काही डॉलर. पोहण्याची टोपी सक्तीची, ती नसेल तर आत सोडत नाहीत. दारात विकत मिळते, पण घरून नेलीत तर तेवढे पैसे वाचतात. पाणी पिवळट-तपकिरी दिसतं. ती घाण नाही, विरघळलेली खनिजं आहेत. लोहाचा हवेशी संबंध आला की गंजासारखा रंग येतो, म्हणून फिकट रंगाचा पोशाख नको.

वेळ पहाटेची किंवा अंधार पडल्यावरची. शनिवार-रविवारी दुपारी कुंडात पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यात गरम कुंडात एका वेळी दहा मिनिटं पुरे, मग बाहेर बसा, पाणी प्या, पुन्हा उतरा. गाव सुमारे १,८०० मीटरवर आहे. त्यात रिकाम्या पोटी कुंडात बसून एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाचा त्रास असेल तर कोमट कुंडातच थांबा.

दोन चाकं:
सायकल झेपेल, पण रिओ व्हेर्दे या गावापर्यंतच. ते १७-१८ किलोमीटर आहे, बहुतेक उतार आणि मधे काही दमवणारे चढ. पुढे पुयो या शहरापर्यंत एकूण ६१ किलोमीटर होतात आणि चढ वाढत जातात. नेटवर ‘सगळा उतारच आहे’ असं लिहिलेलं दिसतं, त्यावर जाऊ नका.

सायकल दिवसाला पाच ते दहा डॉलरला मिळते. पैसे देण्याआधी ब्रेकचे दांडे पूर्ण दाबून पाहा. दांडा मुठीला टेकला तर केबल सैल आहे किंवा रबर झिजलंय, ती सायकल परत करा. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकला, चाक फिरता कामा नये. इथे केव्हाही भुरभुर सुरू होते आणि ओल्या रिमवर झिजलेलं रबर नुसतं घसरतं. हेल्मेट, कुलूप, पंप आणि पंक्चरचं सामान मागून घ्या, आपणहून सगळे देत नाहीत.

रस्त्यात बोगदे आहेत. पहिल्यातून सायकलनेच जावं लागतं, त्यासाठी मागचा लाल दिवा हवाच. पुढच्या बोगद्यांना बाहेरून जुन्या रस्त्याची वळणवाट आहे, सायकलींसाठी पाटी असते. ती चुकवून ट्रकांबरोबर आत शिरू नका.

मधे दरीवरून जाणारे पाळणे, म्हणजे ताराबिता, लागतात. एकात बसलात की पुरे. खरा पैसा रिओ व्हेर्देच्या पाइलोन देल दियाब्लो या धबधब्यावर खर्च करा. त्याला दोन वेगळी प्रवेशद्वारं आणि दोन वेगळी तिकिटं आहेत. एका बाजूने पायऱ्या उतरून, खडकातल्या अरुंद फटीतून अक्षरशः रांगत धबधब्याच्या मागे जाता येतं. दुसऱ्या बाजूला झुलते पूल आहेत. एकच घ्यायचं असेल तर फटीची बाजू. चिंब भिजायला होतं, फोन पिशवीत गुंडाळा. परतताना सायकली ट्रकच्या मागच्या भागात चढवून माणसांना बाकांवर बसवणारे ट्रक मिळतात, माणशी दोन-तीन डॉलर. उजेड असतानाच निघा.

पायपीट:
फारच उपयोगी. झोका आणि ज्वालामुखी राहिले.

डोंगरवाट:
गाव ज्वालामुखीच्या अगदी पायथ्याला चिकटून आहे, म्हणूनच गावातून शिखर दिसत नाही. तो झोका जिथे आहे त्या कासा देल आर्बोलहून समोर दिसतं, तेही ढग चढण्याआधी. सकाळची पहिली बस घ्या, भाडं डॉलरभर. फेऱ्या दिवसाला मोजक्याच, वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. उतरताना बेयाविस्ताच्या क्रुसावरून पायवाट थेट गावात येते, फुकट. पाऊस झाला असेल तर चिखलात घसरते, गुडघे कुरकुरणाऱ्यांनी बसनेच यावं.

तुंगुरावा (५,०२३ मीटर) १९९९ मध्ये जागा झाला, तेव्हा अख्खं गाव हलवलं होतं. शेवटचे उद्रेक २०१६ चे. सध्या जास्त त्रास दरडींचा. जून २०२४ मध्ये याच भागात मोठी दरड कोसळून माणसं गेली. जोराच्या पावसानंतर रस्ता सुरू आहे का, ते इकू ९११ या सरकारी आपत्कालीन सेवेच्या पानावर पाहूनच निघा.

वाफाळ:
शाकाहारासाठी: नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं तर कोंबडी येते, कारण तिथे कार्ने म्हणजे मुख्यतः गोमांस. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं तिन्ही सांगा. तीन-चार डॉलरच्या दुपारच्या ‘आल्मुएर्सो’त सूप, भात आणि सरबत असतं, पण सूप बहुधा हाडांच्या पाण्यातलं. बाजारात भात-मेनेस्त्रा मागा: मसुराची किंवा घेवड्याची दाट उसळच ती. वर तळलेली कच्ची केळी. दारातल्या हुकावर ओढून ओढून पांढरी केलेली मेल्कोचा ही मिठाई उसाचीच, ती बिनधास्त खा.

आणि पीतज्वराची लस विसरू नका. इक्वेडोरहून सहा दिवसांच्या आत भारतात परतलात तर दाखला मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, तेव्हा अधिकृत केंद्राची वेळ आजच घ्या.