सगळे अर्ज राउंड १ मध्येच टाकावेत का? मी असहमत

काटेकोर

एमबीएच्या अर्जांचा विषय निघाला की एक सल्ला हटकून मिळतो: सगळं राउंड १ मध्ये, म्हणजे अर्ज घेण्याच्या पहिल्याच फेरीत, उरकून टाका. जागा भरपूर असतात, शिष्यवृत्तीची थैली अजून सैल असते, आणि डिसेंबरात सुटका. दोन-तीन शाळांपुरतं (म्हणजे बिझनेस स्कूल) हे चालेल. पाच-सहा शाळा धरणाऱ्याला मात्र हा सल्ला महागात पडतो असं माझं मत आहे. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कोर्सपुरतंच बोलतोय.

आधी तारखा. राउंड १ ची मुदत सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, निकाल बहुतेक डिसेंबरच्या मध्याला. राउंड २ ची मुदत जानेवारीचा पहिला आठवडा, निकाल मार्चअखेर. राउंड ३ एप्रिलच्या आसपास, तेव्हा वर्ग जवळपास भरलेला असतो. हार्वर्डला तर नेहमीच्या अर्जदारांसाठी तिसरा राउंडच नाही. म्हणजे खरे राउंड दोनच.

आता काम किती आहे ते बघा. स्टॅनफर्ड विचारते, तुमच्या लेखी सर्वांत महत्त्वाचं काय आणि का. त्याला साधारण ६५० शब्द, वर ‘स्टॅनफर्डच का’ला ३५०. एमआयटी स्लोनला हवं ३०० शब्दांचं कव्हर लेटर, एक मिनिटाचा व्हिडिओ आणि तुमच्या टीमचा ऑर्ग चार्ट (कोण कुणाच्या हाताखाली याचा तक्ता), त्यात तुमची जागा खूण करून दाखवलेली. केलॉगला लेखी निबंधांशिवाय व्हिडिओ उत्तरं: प्रश्न पडद्यावर आला की विचाराला २० सेकंद, बोलायला १ मिनिट. ड्यूकच्या फुक्वाला स्वतःबद्दलच्या २५ गोष्टींची यादी. यातलं एक दुसरीकडे चिकटवता येत नाही. चिकटवलं की वाचणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

शिवाय रेकमेंडर, म्हणजे शिफारसपत्र देणारे साहेब. जीमॅट ही प्रवेश परीक्षा घेणाऱ्या जीमॅक संस्थेचा सामायिक नमुना बऱ्याच शाळा घेतात: गुणांचा एक तक्ता आणि दोन मोठे प्रश्न. समान पातळीवरच्या चांगल्या लोकांच्या तुलनेत हा उमेदवार कसा, हा एक. त्याला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता आणि त्याने पुढे काय केलं, हा दुसरा. मजकूर एकच चालतो, पण प्रत्येक शाळेची लिंक वेगळी, पोर्टल वेगळं, तक्ता पुन्हा भरायचा. चौथ्या शाळेपर्यंत साहेबांचा हात थेट सर्वोच्च रकान्यावर जातो. सगळीकडे सर्वोच्च असलेला तक्ता कुणी मनावर घेत नाही.

म्हणून माझी वाटणी: तीन राउंड १ मध्ये, तीन राउंड २ मध्ये.

टाचणी

कामाचा हिशेब बरोबर मांडलात, पण पैशांचा हिशेब गाळलात. राउंड १ चा ॲडमिट (प्रवेशाचा होकार) डिसेंबरात आला की डिपॉझिटची, म्हणजे जागा राखायला भरायच्या रकमेची, तारीख बहुतेक ठिकाणी राउंड २ च्या निकालाआधीच येते. रक्कम हजार डॉलरपासून काही हजारांपर्यंत, आणि ती परत मिळत नाही. तुमच्या तीन-तीनच्या वाटणीत माणसाने दोनपैकी एक करायचं: पैसे भरायचे आणि मार्चमध्ये दुसरीकडे जमलं तर त्यांवर पाणी सोडायचं, किंवा हातातली जागा सोडून उधारीच्या आशेवर बसायचं.

आणि शिष्यवृत्तीची घासाघीस होते ती दोन ऑफर एकाच वेळी हातात असताना. डिसेंबरात दोन पत्रं समोर असली तर एका शाळेला लिहिता येतं की दुसरीकडून इतके मिळताहेत, फेरविचार होईल का. एक ऑफर डिसेंबरची आणि दुसरी मार्चची असली तर पहिलीची मुदत संपलेली असते. कोणाच्या जोरावर मागणार?

काटेकोर

टाचणी, शिष्यवृत्तीचं तुमचं म्हणणं सगळीकडे लागू नाही. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड फक्त गरजेनुसार मदत देतात, गुणवत्तेवर नाही. तिथे दुसरी ऑफर दाखवून काही हलत नाही.

डिपॉझिटचा पेच वाटणी उलटी केली तरच येतो. राउंड १ मध्ये त्या शाळा टाका जिथून होकार आला तर बाकीचं सगळं विनाअट सोडाल. होकार आला की राउंड २ चे अर्ज पाठवायचेच नाहीत. एका अर्जाची फी २५० डॉलरच्या आसपास, स्टॅनफर्डची २७५, तेवढी वाचली. नकार आला तर राउंड २ चे निबंध ऑक्टोबर-नोव्हेंबरात लिहून तयार.

सहाच्या सहा राउंड १ मध्ये टाकून सगळीकडून नकार आला तर? डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तीन आठवडे. त्यात नव्या शाळा शोधायच्या, नवे निबंध लिहायचे आणि रेकमेंडरला ऐन सुट्टीत गाठायचं. बरं, नकार का आला हे शाळा सांगत नाही, त्यामुळे दुरुस्ती नेमकी कशात करायची हेही माहीत नसतं.

मधली ओळ

म्हणजे काटेकोरांच्या योजनेत सगळ्यात कच्चे निबंध सगळ्यात आवडत्या शाळांना जाणार. पहिल्या अर्जात ‘मला पुढे काय करायचंय’ हे वाक्य धूसर असतं. तिसऱ्या-चौथ्या अर्जापर्यंत ते घासून नीट होतं. ‘कन्सल्टिंगमध्ये जाऊन प्रभाव पाडायचाय’ इथून सुरू झालेला माणूस ‘मध्यम आकाराच्या कारखान्यांच्या पुरवठासाखळीत काम करायचंय, त्यासाठी मला ऑपरेशन्स शिकायचंय, वित्त येतं’ इथे पोचायला वेळ घेतो. हे दुसरं वाक्य हार्वर्डला गेलं पाहिजे.

उपाय सोपा आहे: राउंड १ मध्ये दोन आवडत्या आणि एक मधली, आणि मधलीचा अर्ज सगळ्यात आधी लिहायचा. पाठवायचा मात्र तिच्या मुदतीलाच. मुदतीआधी पाठवला म्हणून आधी निकाल लागत नाही.

गणिती आळशी

राउंड १ की २ हे भांडण परीक्षेचा स्कोअर हातात असलेल्यांसाठी आहे. नसेल तर राउंड तुम्ही ठरवत नाही, जीमॅट ठरवतो.

आताचा जीमॅट म्हणजे तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं: क्वांट (गणित) २१ प्रश्न, व्हर्बल (भाषा) २३, डेटा इनसाइट्स (तक्ते-आकडेवारी वाचणं) २०. एकूण २०५ ते ८०५, शेवटचा आकडा नेहमी ५. जुन्या जीमॅटच्या ७०० शी तुलना करून लोक उगाच खचतात. पर्सेंटाइल पाहिले तर नव्या मापात साधारण ६४५ म्हणजे जुने ७००. दोन प्रयत्नांत किमान १६ दिवसांचं अंतर लागतं, बारा महिन्यांत पाच प्रयत्न. आता उलटं मोजा: सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हार्वर्डची मुदत असेल आणि पहिला प्रयत्न ऑगस्टच्या शेवटी ठेवला असेल, तर दुसरा प्रयत्न मुदतीआधी बसतच नाही. पहिला प्रयत्न जूनमध्ये हवा.

आणि डेटा इनसाइट्सला हलक्यात घेऊ नका. तिन्ही भागांचं वजन सारखं आहे. क्वांट उत्तम आणि डेटा इनसाइट्स गडगडलेला, असा स्कोअर घेऊन राउंड १ गाठण्यापेक्षा राउंड २ बरा. दोन्ही राउंडमध्ये अर्ज सारख्याच नजरेने वाचतो असं शाळा स्वतः सांगतात. कमकुवत अर्ज लवकर पाठवला म्हणजे नकार लवकर, इतकंच.

टाचणी

गणिती आळशी, स्कोअरबद्दल पूर्ण सहमत. पण ‘सारख्याच नजरेने’ या वाक्यावर माझा विश्वास जरा कमी आहे. शाळा वर्ग जुळवते. त्याच क्षेत्रातले, त्याच कामाचे, त्याच वयाचे पंधरा जण राउंड १ मध्ये घेतले गेले असतील तर राउंड २ मधला सोळावा कितीही चांगला असला तरी त्याला जास्त काहीतरी दाखवावं लागतं. गर्दीच्या प्रोफाइलवाल्यांनी, म्हणजे आयटी, बँकिंग, कन्सल्टिंग, राउंड १ सोडू नये. सैन्य, शेती, नाटक, सरकारी सेवा असल्या वाटेने आलेल्यांना फारसा फरक पडत नाही.

अवांतर: फुक्वाचा अर्ली ॲक्शन हा प्रकार बंधनकारक आहे. ॲडमिट आला तर बाकी सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात. नुसतं ‘लवकर निकाल मिळतो’ म्हणून तिकडे टिक करू नका.

सावधचित्त

वाटणी कशीही करा, वेटलिस्टचं काय? ती या गणितात कुणीच धरलेली नाही.

राउंड १ ला वेटलिस्ट झालात तर निकाल मार्चमध्ये राउंड २ बरोबर. तेव्हाही झालं नाही तर डिपॉझिटच्या तारखेनंतर, म्हणजे मे-जून, कधीकधी जुलै. राउंड १ वाला इथे राउंड २ वाल्यापेक्षा तीन महिने जास्त लटकतो. यादीला बहुधा क्रमांकही नसतो. जो बाहेर पडला त्याच्यासारखा कोण, हे पाहून जागा भरतात, त्यामुळे ‘माझा नंबर कितवा’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

म्हणून माझं मत: वेटलिस्ट झाल्यावर गप्प बसू नये. महिन्या-दीड महिन्याने एक पानी पत्र पाठवावं. नवा स्कोअर, बढती, हाताखाली आलेली माणसं, संपवलेला एखादा गणिताचा कोर्स.

मधली ओळ

सावधचित्त, सरसकट असं सांगणं धोक्याचं आहे. वेटलिस्टच्या पत्रातच लिहिलेलं असतं की काय स्वीकारू आणि काय नाही. काही शाळा सांगतात की अजून काहीही पाठवू नका. तिथे पत्रावर पत्र धाडणारा सूचना न वाचणारा म्हणून लक्षात राहतो. आणि यादीत राहायचं की नाही याचं उत्तर ठरलेल्या तारखेच्या आत पोर्टलवर द्यावं लागतं. पत्राची तयारी करण्याच्या नादात ते बटण दाबायचं राहून जातं.

जिथे परवानगी आहे तिथेही बातमी असेल तरच लिहा. ‘मला अजूनही तुमचीच शाळा हवी आहे’ ही बातमी एकदाच चालते. स्कोअर २० गुणांनी वाढला तर कळवा, १० साठी विचार करा, वाढला नाही तर काही बोलूच नका.

सावधचित्त

सूचना वाचून करा हे मान्य. पण ‘बातमी असेल तरच’ ही अट मी इतकी ताणणार नाही. जूनमध्ये जागा रिकामी होते तेव्हा शाळेला आठवड्यात भरायची असते. ज्याने मे महिन्यात ‘बोलावलंत तर नक्की येतो, पैशांची सोय झालेली आहे’ असं दोन ओळींत कळवलंय, त्याला फोन करणं सोपं जातं.

काटेकोर

आणि तोवर त्याने दुसऱ्या शाळेत डिपॉझिट भरलेलं असतं. मग ती शाळा सोडायची, तिच्या वेटलिस्टवरचा कुणीतरी वर येणार, आणि ही साखळी ऑगस्टपर्यंत. यात गैर काही नाही, शाळाही गळती धरूनच जास्त होकार पाठवतात. माझा आक्षेप दोन शाळांत मुद्दाम डिपॉझिट भरून शेवटपर्यंत दोघींनाही झुलवणाऱ्यांवर आहे. वेटलिस्टवर असणं वेगळं आणि हे वेगळं. होकाराच्या कागदावर ‘मी इतरत्र प्रवेश घेणार नाही’ अशी अट असेल तर ती मोडल्यावर जागा काढून घेण्याचा अधिकार शाळेला असतो.

टाचणी

झुलवू नये हे ठीक. पण तीन-तीनच्या वाटणीनेच माणूस या फंदात पडतो, हे पुन्हा नोंदवतो. सगळे निकाल डिसेंबरात लागले असते तर दोन डिपॉझिटं भरायची वेळच आली नसती.

गणिती आळशी

भांडण चालू द्या, एक कोरडी माहिती. ॲडमिटनंतर अनेक शाळा पार्श्वभूमी पडताळणी करतात: नोकरीच्या तारखा, हुद्दा, पगार, गुणपत्रिका. अर्जात जॉइनिंगचा महिना चुकीचा टाकला किंवा पगारात बोनस मिसळून एकच आकडा लिहिला तर तिथे अडकतं. अर्ज भरतानाच सॅलरी स्लिप आणि नेमणूकपत्र शेजारी ठेवा. हुद्दा कंपनीच्या कागदावर जो आहे तोच, लिंक्डइनवरचा नाही.

सावधचित्त

परदेशी अर्जदारांसाठी वेटलिस्टमधली खरी अडचण व्हिसाची. एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी आय-२० (शाळा देते तो प्रवेशाचा दाखला) लागतो, आणि आय-२० साठी निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाची कागदपत्रं. दुसऱ्या शाळेच्या आय-२० वर ३५० डॉलरची सेविस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीची) भरून झाली असेल आणि मग जुलैत वेटलिस्टवरून बोलावणं आलं, तर नव्या शाळेचा आय-२० आणि नवा सेविस क्रमांक मिळतो. आधी भरलेली फी त्या क्रमांकावर वळवता येते, पण आपोआप वळत नाही, विनंती करावी लागते. मुलाखतीला मात्र ज्या शाळेत खरंच जाणार त्याच शाळेचा आय-२० हवा. म्हणून वेटलिस्टची आशा धरलेल्यांनी बँकेची पत्रं मे महिन्यातच ताजी करून ठेवावीत आणि रक्कम दोन्ही शाळांपैकी महागडीच्या हिशेबाने दाखवावी.