क्लासला न जाणं म्हणजे ड्रॉप नव्हे

वर कुणीतरी लिहिलंय की पहिल्या आठवड्यात गेलं नाही की प्रोफेसर आपोआप कोर्समधून नाव काढतात (म्हणजे ड्रॉप करतात), त्यावर विसंबू नका बरं का. कॅलिफोर्नियात प्रोफेसर नाव काढतात हे खरंय, पण नाही काढलं तर ड्रॉप करायची जबाबदारी आपलीच. मी एच-४ वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावरचा डिपेंडंट व्हिसा) नवीन आलेले तेव्हा कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग घेतलं, तिसऱ्या आठवड्यात लेक आजारी पडली, म्हटलं जाऊ दे सोडला कोर्स, आणि पोर्टलवर ड्रॉपचं बटण काही दाबलं नाही. डिसेंबरात बघते तर ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रिकेवर) ठसठशीत एफ, म्हणजे नापास! फी बुडाली ती वेगळीच, आणि राज्यात राहून एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण नव्हता म्हणून रहिवाशांचा युनिटमागे (कोर्सच्या क्रेडिटमागे) ४६ डॉलरचा दर नाही, बाहेरच्यांचा लागला, म्हणजे कितीतरी पट.

तारखा तीन असतात: रिफंडची, डब्ल्यू (ट्रान्सक्रिप्टवरचा ‘कोर्स मध्येच सोडला’ असा शेरा) न लागता सोडायची, आणि डब्ल्यू घेऊन सोडायची. त्या कोर्सप्रमाणे बदलतात, आठ आठवड्यांच्या कोर्सात तर डोळ्यादेखत निघून जातात. डब्ल्यूने जीपीए (ग्रेडची सरासरी) पडत नाही, पण तोही एक अटेम्प्ट धरतात आणि एका कोर्सला साधारण तीनच मिळतात, हे मला फार उशिरा कळलं.

आणि @पुण्याची_सून, तुमचा भाचा एफ-१ वर (स्टुडंट व्हिसावर) आहे ना, मग त्याला सांगा की १२ युनिटच्या खाली जायचं असेल तर आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात विचार, मग ड्रॉप कर. उलटं केलं तर व्हिसा स्टेटसचा घोळ होतो.