टायटॅनियमचा घडीचा चाकू, नक्की बघायचं काय?

प्रश्न: मित्राने अमेरिकेतून कस्टम चाकू मागवलाय, टायटॅनियमची मूठ, डमास्कसचं म्हणजे थरांची नक्षी असलेल्या पोलादाचं पातं, हातात घेतला तर खाली ठेववेना! पण एवढी किंमत कशाची?

उत्तर १: फिटिंगची! बंद करून उजेडात धर, पातं बरोब्बर मध्ये बसलेलं दिसलं पाहिजे. आणि लॉक बघ, म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणारी अडसर, मुठीचाच एक पट्टा कापून स्प्रिंग केलेली असते, पातं उघडलं की तीच पात्याच्या मागे येऊन अडते, ही चाकू बनवणाऱ्या ख्रिस रीव्हची कल्पना, त्याच्या सेबेंझा या चाकूमुळे गाजली, मला तर अजून हेच डिझाइन सगळ्यात देखणं वाटतं.

उत्तर २: डमास्कसची नक्षी वरवरची नसते हां, दोन पोलादांचे थर तापवून ठोकून एकजीव करतात, मग अ‍ॅसिडमध्ये बुडवलं की निकेलवालं चकचकीत राहतं, दुसरं काळं पडतं.

उत्तर ३: पातं कार्बन स्टीलचं, म्हणजे स्टेनलेस नसलेलं असेल तर लिंबू कापल्यावर लगेच पुसा, गंजतं.