सासूबाईंसाठी मोठ्या अक्षरात ज्ञानेश्वरी लिहितेय, शाई न फुटणारी वही कोणती घ्यावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी वाईची. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. सकाळी देवापुढे बसून ज्ञानेश्वरीच्या थोड्या तरी ओव्या वाचायच्या, हा त्यांचा नेम माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा. गेल्या दिवाळीपासून पोथीतलं अक्षर त्यांना दिसेनासं झालंय. मोतीबिंदू काढून झाला, आता पडद्याचा त्रास आहे आणि चष्मा बदलून उपयोग नाही असं डॉक्टर म्हणाले. मोबाइलवर लावून दिलं. दोन दिवस ऐकलं आणि म्हणाल्या, "ओवीवर बोट ठेवल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही गं."

म्हणून मी हाताने उतरवायला घेतली. सासऱ्यांचं जाड निबेचं शाईचं पेन घरात होतं. त्याची काळी रेघ त्यांना नीट दिसते. बॉलपेनची दिसत नाही, आणि स्केचपेनने माझं अक्षर बिघडतं.

सुरुवात बाराव्या अध्यायापासून केली, कारण तो सगळ्यात लहानांपैकी, अडीचशेच्या आत ओव्या. दुकानातून आखीव दोनशे पानी वही आणली आणि पहिल्याच पानावर शाई फुटली. ध आणि घ यांत फरक राहिला नाही. भ ची गाठ भरून गेली. सगळ्यात वाईट शिरोरेघेपाशी होतं. रेघ ओढताना निब प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरून दुसऱ्यांदा जाते, तिथे दुप्पट शाई बसते आणि तिथूनच केसासारखे फाटे फुटतात. पान उलटलं तर मागे सगळं उमटलेलं. त्याच कंपनीची, त्याच मुखपृष्ठाची दुसरी वही आणली. तिची निम्मी पानं चांगली निघाली, बाकीची परत तशीच.

मोठ्या अक्षरात एका पानावर आठ ओव्या बसतात. एकूण ओव्या नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे अकराशेहून जास्त पानं (एक बाजू म्हणजे एक पान), आणि लिहायचं दोन्ही बाजूंनी. त्यामुळे फार महागाचा कागद परवडणार नाही. पण अक्षर धूसर दिसेल असं काहीतरी घेऊन त्यांना परत अंदाजाने वाचायला लावायचं नाहीये. काय घेऊ?

टिपकागद

काकू, दुकानात गेलात की 'जास्त जीएसएमची वही घ्या' एवढंच सांगतील. जीएसएम म्हणजे फक्त वजन, एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते. शाई फुटते ती वेगळ्या कारणाने. कागद हे तंतूंचं जाळं असतं आणि मोकळे तंतू वातीसारखी शाई ओढून घेतात. ते थांबवायला गिरणीत लगद्यातच काही द्रव्यं घालतात आणि वरून बहुतेक वेळा स्टार्चचा हात देतात. आपल्या भाषेत कागदाला खळ देतात. खळ कमी पडली तर १०० जीएसएमचा कागदही टिपकागदासारखा शाई पितो. उलट जपानच्या 'तोमोए रिव्हर'चं वजन फक्त ५२ जीएसएम, पण त्यावर शाई जागची हलत नाही. वजनाचा फायदा मागचं न दिसण्यासाठी, फुटण्याशी त्याचा थेट संबंध नाही.

दोन वह्यांत फरक पडला याचं मला नवल वाटत नाही. शालेय वह्यांना एकाच गिरणीचा कागद नेहमी मिळेलच असं नसतं. म्हणून नाव बघून घेऊ नका, तुमचंच पेन आणि तुमचीच शाई घेऊन दुकानात जा. नमुन्याच्या पानावर 'ध घ भ म थ य' शिरोरेघेसकट लिहा आणि पान उलटून उजेडाला धरा. पेन जवळ नसेल तर पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभर मोत्यासारखा बसला तर खळ चांगली आहे, लगेच जिरला तर तो कागद सोडा.

सुटा ए४ घेतलात तर वजनाची खात्री तराजूवर होते. ए४चं एक पान चौरस मीटरचा सोळावा भाग असतं, म्हणजे ८० जीएसएमचं पान ५ ग्रॅमचं आणि ५०० पानांची रीम अडीच किलोची. सव्वादोन किलोच्याही खाली भरली तर तो ७० जीएसएमचा कागद आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. लिहिताना हाताखाली जाड कागद ठेवत चला. तळव्याचा घाम आणि तेल पानाला लागतं, आणि तुम्ही पानाच्या तळाशी पोचता तेव्हा तिथे शाई कुठे धरत नाही, कुठे फुटते. लोक पेनाला दोष देतात.

योकोहामाकर

वर तोमोए रिव्हरचं नाव आलं म्हणून लिहिते. मी जपानात राहते आणि रोज तोच कागद वापरते. मला तो अतिशय आवडतो, पण आजींसाठी घेऊ नका. तो इतका पातळ आहे की मागची अक्षरं पुढच्या बाजूला सावलीसारखी दिसतात. चांगल्या नजरेच्या माणसाला त्याची सवय होते, पडद्याचा त्रास असलेल्याला ती सावलीसुद्धा अक्षरंच वाटतील. शिवाय खळ घट्ट असल्याने शाई वरच राहते, जाड निबेची रेघ सुकायला अर्धा मिनिट सहज लागतं. आजी बोट ठेवून वाचणार आहेत हे विसरू नका. फ्रान्सचा ऱ्होडिया ८० आणि ९० जीएसएममध्ये मिळतो, तो खरंच चांगला आहे, पण अकराशे पानांना भारी पडेल.

शाईबद्दलही सांगते. रॉयल ब्लू पाण्याने धुऊन जाते आणि उजेडात फिकी पडते. वर्षानुवर्षं टिकायला हवं असेल तर फाउंटन पेनासाठी केलेली रंगकणांची काळी शाई घ्या, उदाहरणार्थ प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक. ती सुकली की पाण्याने जात नाही. पेन मात्र न वापरता पडू देऊ नका आणि नियमित धुवा. चित्रकलेच्या दुकानातली ड्रॉइंग इंक पेनात कधीच घालू नका, तिच्यात बहुधा लाख असते, पेन कायमचं तुंबेल.

पुठ्ठाबांधणी

ताई, कोल्हापुरात माझा बाइंडिंगचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. माझं स्पष्ट मत, वही घेऊच नका. वहीत एक पान बिघडलं की ते आयुष्यभर तिथेच राहतं. जुनी पोथी सुट्या पानांची असायची, तुम्हीही सुटं लिहा आणि अध्याय झाला की बांधून घ्या.

आता सुटं म्हणजे कसं, ते नीट ऐका. ए४ची एकेक पानं लिहून बाजूने टाके मारले तर पुस्तक सपाट उघडत नाही. सासूबाईंना एका हाताने पान दाबून धरावं लागेल. त्यांना बोट ठेवायचंय, तेव्हा ते चालणार नाही. ए३चा ताव मधोमध घडी घाला, त्याची चार पानं होतात. असे चार ताव एकात एक घातले की सोळा पानांचा एक जुज. जुज मधोमध दोऱ्याने शिवत जायचे, त्याला आम्ही जुजबंदी म्हणतो. असं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं की उघडंच राहतं. तुमच्या हिशेबाने बारावा अध्याय एकतीस पानांचा, म्हणजे बरोबर दोन जुज आणि एक पान कोरं. लिहायच्या आधी प्रत्येक पानावर पेन्सिलीने आकडे घाला, नाहीतर घोळ होतो. घडीच्या बाजूला दोन बोटं समास सोडा.

कागद १०० जीएसएमचा घ्या, मागचं दिसणार नाही. उसाच्या चिपाडाच्या लगद्याचा मिळाला तर आधी तो तपासा. तमिळनाडूत करूरला टीएनपीएल हा कागद बनवते. चिपाडाचे तंतू आखूड, त्यामुळे पान घट्ट आणि गुळगुळीत होतं.

तयार ए३ची रीम शक्यतो नको. तिच्यात तंतूंची दिशा बहुतेक वेळा घडीला आडवी येते, मग घडी फुगते आणि पानं ताठ राहतात. कागदवाल्याकडून मोठा ताव कापून घ्या. दिशा कळायला बोटभर चौकोन एका बाजूने ओला करा. तो सुरळी होतो. सुरळीची लांबी ज्या दिशेला, त्याच दिशेला घडी.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. साताऱ्याला जाऊन कागदवाल्याकडे चार नमुने पाहिले. त्याला आधी नवल वाटलं, मग त्यानेच पाण्याची वाटी आणून दिली. दोन कागदांवर थेंब लगेच जिरला. तिसऱ्यावर बसला, पण तो इतका चकचकीत की आईंच्या खोलीतल्या दिव्याखाली अक्षरांवर उजेड मारत होता. चौथा १०० जीएसएमचा, किंचित पिवळसर, चिपाडाचाच. ध आणि घ वेगळे राहिले, शिरोरेघ स्वच्छ आली, मागे काही नाही. सध्या दोन अध्यायांपुरताच कापून आणलाय. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, म्हणून ताव पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेत. सर्दावलेल्या कागदावर शाई फुटते हे मी जुन्या पत्रांत पाहिलंय.

पहिला जुज लिहून काल आईंना दिला. खिडकीशी बसल्या, बोट ठेवलं आणि आठ ओव्या सलग वाचल्या. नवव्या ओवीवर थांबल्या. म्हणाल्या, "इथे अनुस्वार हवा." छापील पोथी काढून पाहिली तर खरंच, माझ्याकडून राहिला होता. त्यांना पाठ आहे सगळं. अनुस्वार तिथल्या तिथे देता आला असता, पण मला तो नंतर घातलेला दिसायला नको होता. त्या तावाची चारही पानं आज सकाळी परत लिहिली.

पुठ्ठाबांधणी, बारावा पुरा झाला की दोन्ही जुज घेऊन कोल्हापूरला येते. कापडी पुठ्ठा हवाय, आईंना गुळगुळीत पुठ्ठा हातात धरवत नाही.