गॅरेजमधल्या सुतारकामासाठी हीटर कोणता घ्यावा? (मिनेसोटा)

ईगनचा_सावंतवाडकर:

मंडळी, मिनिआपोलिसच्या दक्षिणेला ईगनमध्ये राहतो. घराला चिकटून दोन गाड्यांचं गॅरेज आहे, २४ बाय २४ फूट, छत ९ फुटांवर. बायकोची गाडी आत, माझी बाहेर बर्फात. त्या बदल्यात अर्ध्या गॅरेजवर माझं राज्य: टेबल सॉ, बँड सॉ, धूळ ओढायचं मशीन आणि आजोबांचा रंधा. लहानपणी सावंतवाडीत चितार आळीत लाकडी आंबे-केळी रंगवणाऱ्यांसमोर तासन्‌तास उभा असायचो, पण पटाशी हातात धरली ती इथे येऊन, चाळिशीत.

नोव्हेंबर ते मार्च हे राज्य गोठलेलं असतं. गेल्या हिवाळ्यात हट्टाला पेटून २० पौंडी सिलिंडरवर चालणारा प्रोपेनचा हीटर आणला. हात शेकले, बाकी सगळं बिघडलं. भाचीच्या लग्नासाठी चौरंग केला होता. सरस लावून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवला, सकाळी पाय नुसता हातात आला. सांध्यात खडूसारखी पांढरी भुकटी. बाटलीवर बारीक अक्षरात '५५ अंशांखाली वापरू नये' (फॅरनहाइट) लिहिलेलं, ते मी नंतर वाचलं. आणि आठवड्याभरात टेबल सॉच्या बिडाच्या पृष्ठभागावर तांबूस गंज. गाडीवरचा बर्फ वितळतो म्हणून असेल असं वाटलं, पण गाडी तर आधीच्या वर्षीही आतच होती.

या वर्षी नीट काहीतरी बसवायचंय. एक कंत्राटदार येऊन पाच मिनिटांत तासाला ४५,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) देणारा गॅस हीटर सुचवून गेला, काहीही न मोजता. माझ्या मनात छताला टांगायचा ५ किलोवॅटचा विजेचा हीटर आहे. मुलगा म्हणतो मिनी स्प्लिट (गरम हवाही देणारा भिंतीवरचा एसी) घ्या, उन्हाळ्यात एसीही होईल.

वापर: मंगळवार-गुरुवार संध्याकाळी दोन-दोन तास, शनिवारी जवळजवळ दिवसभर. वीज युनिटला १५ सेंट, गॅस थर्मला (बिलातलं गॅसचं एकक) साधारण १ डॉलर. भिंतींत फायबरग्लास भरलेला आहे. छताला नुसतं ड्रायवॉल (जिप्समचे बोर्ड), वर माळ्यावर काही नाही. दार एकपदरी पत्र्याचं.

कोथरूडकर:

आज इथे ११ अंश आहे हो, मफलर गुंडाळून लिहितोय!

ईगनचा_सावंतवाडकर:

आमच्याकडेही ११च. फॅरनहाइट, उणे.

वायरमन_मिशिगन:

काका, हीटर राहू दे बाजूला, आधी वर बघा. तुमच्या आकड्यांवरून ढोबळ हिशेब केला. आत ५५, बाहेर उणे १५, म्हणजे ७० अंशांचा फरक.

बाहेरच्या तीन भिंतींतून तासाला ३,००० बीटीयूच्या आसपास जातात. त्या ठीक आहेत. पत्र्याच्या दारातून सुमारे ८,०००. फटींतून येणारी हवा ६,५००, जमिनीच्या कडेने ३,५००. आणि उघड्या छतातून एकट्यातून २०,०००! एकूण ४१,०००. म्हणजे कंत्राटदाराचा आकडा न मोजताही बरोबरच आला म्हणायचं, तुमचं गॅरेज असंच ठेवायचं असेल तर.

आता माळ्यावर आर-४९ होईल इतका सेल्युलोज (कागदाचा भुगा) फुंकून घ्या; आर म्हणजे उष्णता अडवायचं माप, आकडा मोठा तितकं चांगलं. दुकानं मशीन भाड्याने देतात, दोन माणसांचं एका दिवसाचं काम. ते २०,००० थेट ८०० वर येतात. दार आर-९ चं घेतलं आणि खालची रबरी पट्टी बदलली की एकूण ११-१२ हजार. तुमचा ५ किलोवॅटचा हीटर १७,००० देतो. त्याला हे सहज झेपेल.

जुन्याच दाराला फोमचे तुकडे चिकटवायचा मोह होईल. दार जड झालं की स्प्रिंगचा तोल जातो, आणि त्या स्प्रिंगला स्वतः हात लावायचा नाही, माणूस जायबंदी होतो. शिवाय लाकूडकामाच्या जागेत उघडा फोम नको, आगीला सरपण.

वायरिंग: ५,००० वॅट २४० व्होल्टवर म्हणजे २१ अँपिअर. सतत चालणाऱ्या हीटरला सव्वापट धरायचं, म्हणजे २६. तेव्हा ३० अँपिअरचा स्वतंत्र ब्रेकर आणि १० गेजची तांब्याची तार. कपडे वाळवायच्या मशीनच्या सॉकेटमधून ओढू नका. मुख्य पॅनल १०० अँपिअरचं की २०० चं, तेही बघा.

गंजाचं कोडं सोपं आहे. एक पौंड प्रोपेन जळलं की १.६ पौंड पाणी तयार होतं. तुमचा २० पौंडी सिलिंडर संपला तेव्हा गॅरेजच्या हवेत जवळजवळ १५ लिटर पाणी सोडलंत. ते थंड बिडावर जाऊन बसलं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला होता ना?

ईगनचा_सावंतवाडकर:

लावला होता. एकदा वाजलाही. बायको वाचत असेल तर ही ओळ वगळावी.

मीनल_एडमंटन:

दादा, मी लाकडी वाट्या कातते, माझ्याकडे गेली सहा वर्षं गॅस हीटर आहे. गॅसच घेणार असाल तर बंद ज्वलनकक्षाचा घ्या, म्हणजे जळायला लागणारी हवा तो पाइपने बाहेरून घेतो आणि धूरही बाहेर सोडतो. साधा असेल तर तुमचाच भुसा आणि पॉलिशच्या वाफा ज्योतीपर्यंत पोचतात. धूळ ओढायचं मशीन हवा बाहेर फेकत असेल तर आणखी वाईट. गरम हवा तर जातेच, पण आत ओढ निर्माण होऊन चिमणीतला धूरही उलटा येऊ शकतो. आणि गाडी आत असते, तेव्हा ज्योत जमिनीपासून १८ इंच वर हवीच. पेट्रोलची वाफ खाली साचते.

४५,००० मात्र घेऊ नका. माझा एवढाच आहे, गॅरेज तुमच्याहून थोडं लहान. पाच मिनिटं भडकतो, बंद होतो, पुन्हा भडकतो. करवतीपेक्षा त्याचाच आवाज जास्त.

मला गॅस परवडतो, कारण मी रोज काम करते आणि गॅरेज कधीच थंड होऊ देत नाही.

वायरमन_मिशिगन:

मीनलताईंनी खरा मुद्दा काढला. काका, माळा आणि दार नीट करून गॅरेज महिनाभर ४५ अंशांवर राखायचं असेल तर जानेवारीत, तुमच्याकडे सरासरी १६ अंश धरून, दिवसाला ३३ युनिटं लागतील. महिन्याला १५० डॉलर. गॅसवर तेवढंच ४०-४५ मध्ये होईल, मिनी स्प्लिटवर ६५-७० च्या आसपास. पण आठवड्याला फक्त बारा तास लावणार असाल तर वीज पूर्ण जोरात चालली तरी ६० युनिटं, म्हणजे आठवड्याला ९ डॉलर. त्यासाठी गॅसची पाइपलाइन आणि परवाना काढत बसू नका. मिनी स्प्लिट चांगलाच, पण भुशाने जाळी सारखी भरते, दर आठवड्याला धुवावी लागेल. पॉलिशपेपरचं काम किती करता त्यावर ठरवा.

ईगनचा_सावंतवाडकर:

बसून विचार केला. महिनाभर ऊब मला कशाला हवीय? फक्त सरसासाठी. बाकी मी कोट घालून काम करतो. तेव्हा असं ठरवलंय: कापणं, रंधणं गॅरेजमध्ये, सरस लावून क्लॅम्प केलं की सगळं उचलून घरात कपडे धुवायच्या खोलीत. बायकोची संमती मिळाली, अट एकच, मशीनवर ठिपका पडता कामा नये.

शनिवारी शेजाऱ्याला घेऊन माळ्यावर सेल्युलोज फुंकतोय. दार पुढच्या वर्षी, तोवर फक्त खालची पट्टी. जुनं दार धरलं तर १८,००० च्या आसपास येतात, म्हणजे कडाक्याच्या चार दिवसांत हीटर थोडा कमीच पडेल. त्या दिवसांत सुतारकामाला सुट्टी. हीटर ५ किलोवॅटचाच, परवाना काढून इलेक्ट्रिशियनकडून बसवतोय, कामाच्या तासभर आधी चालू करीन. बिडावर मेणाचा हात फिरवून ठेवलाय.

मीनल_एडमंटन:

टाइटबॉन्ड ३ हा सरस बघा, थंडीत ४७ अंशांपर्यंत चालतो. खोलीपर्यंत नेताना दारात पाय अडकला तर आठ अंश हाताशी असतील. आणि चौरंगाचं काय झालं?

ईगनचा_सावंतवाडकर:

लग्नात बाजारचा वापरला. माझा तीन पायांवर उभा आहे, चौथ्याच्या जागी अजून क्लॅम्प.